खलनायकाचा शब्द आणि नकाराचा अंक

१

मराठी समीक्षेत खलनायकाचा विचार झाला आहे तो बहुतांशी स्वभावाच्या अंगाने. तो दुष्ट का झाला, त्याच्या दुष्टपणाला लेखकाने मानसिक अधिष्ठान दिले आहे की नाही, तो ठोकळेबाज आहे की जिवंत, असे प्रश्न आपण विचारीत आलो आहोत. ही सवय जुनी आहे. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे सांगितली ती लोभी, धीरोद्धत, ताठर, पापकर्मी, व्यसनी अशी. त्यांत स्वभाव आहे. सामर्थ्याचे माप नाही. माप नसण्याला कारणही आहे. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम हा पाच अवस्थांचा क्रम जेथे आधीच ठरला आहे, तेथे प्रतिनायक नेमका किती बलवान आहे हे मोजण्याचे प्रयोजन उरत नाही. तो कथानकाला हवा तितका बलवान असतो आणि हव्या त्या क्षणी दुबळा होतो. कादंबरीकारालाही हीच मुभा असते. नारायण धारपांच्या भयकथांतील अघोरी शक्ती किती प्रबळ आहेत, याचे उत्तर त्या त्या कथेच्या शेवटाखेरीज कुठे सापडत नाही.

ही मुभा ज्याला नाही असा एक कथनप्रकार गेल्या अर्धशतकात रूढ झाला आहे आणि आपल्या समीक्षेने त्याची दखल जवळजवळ घेतलेली नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या ‘रोल-प्लेइंग गेम’विषयी मी बोलतो आहे, येथे त्यांना भूमिकाखेळ म्हणू. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हापासून या प्रकाराला स्वतंत्र अस्तित्व आले. त्याची रचना थोडक्यात अशी. एक जण जगाचे वर्णन करतो आणि त्या जगातील खलनायकापासून सरायवाल्यापर्यंत सर्वांच्या वतीने बोलतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो. त्या पहिल्या व्यक्तीला मूळ परिभाषेत ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. मी तिला सूत्रधार म्हणणार आहे. मात्र संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो, हा शेवटपर्यंत जात नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळांची जी मीमांसा केली, तीत खेळ एक तर नियमबद्ध असतात किंवा बतावणीचे असतात, दोन्ही एकदम असत नाहीत, असे प्रतिपादन आहे. भूमिकाखेळाने ते प्रतिपादन खोटे ठरविले. येथे बतावणी नियमाने बांधलेली आहे आणि नियम बतावणीतच अर्थपूर्ण होतो. या सांध्यावरची सर्वांत नाजूक जागा म्हणजे खलनायकाचा मंत्र. खलनायक मंत्र उच्चारतो; तो समोरच्याला लागतो की नाही? सूत्रधाराने ‘लागला’ म्हटले म्हणून तो लागत नाही. त्यासाठी एक अंक आधी काढावा लागतो. बळी पडू पाहणाऱ्या पात्राच्या खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्या अंकाइतके किंवा अधिक पडले तर मंत्राचा परिणाम टळला अथवा सौम्य झाला. या फेकीला ‘सेव्हिंग थ्रो’ म्हणतात. तिला बचावफेक आणि त्या अंकाला काठिण्यांक म्हणणे सोयीचे होईल.

हा अंक कसा काढावा हा खेळाडूंच्या दृष्टीने बेरजेचा प्रश्न आहे. त्या बेरजेत वाङ्मयीन सिद्धान्ताचा एक जुना प्रश्न गुंतलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. शब्दाचे सामर्थ्य कोठे वसते? बोलणाऱ्यात, बोललेल्या शब्दात की ऐकणाऱ्यात? आणि त्याहून निकडीचा असा दुसरा प्रश्न: कथा सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याचा आवाज किती हिरावून घ्यावा?

दुसरा प्रश्न अतिशयोक्तीचा वाटू नये म्हणून थोडे स्पष्ट करतो. भूमिकाखेळातील खेळाडूच्या मालकीची वस्तू एकच असते: आपल्या पात्राची इच्छा. अग्निमंत्र लागला तर पात्राची प्राणशक्ती घटते. मोहिनीमंत्र लागला तर ते पात्र काय म्हणेल, कोणाच्या बाजूने उभे राहील, हे सांगण्याचा खेळाडूचा अधिकार जातो आणि सूत्रधाराकडे येतो. म्हणजे मोहिनीचा काठिण्यांक हे लेखकत्वाच्या हस्तांतरणाचे माप आहे. माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीने हा विषय एम.फिल.साठी मांडला होता. ‘हे वाङ्मय नव्हे, करमणूक आहे’ असा शेरा येऊन तो परत आला. तमाशाविषयी आणि कीर्तनाविषयी हाच शेरा एके काळी किती ठिकाणी मारला गेला असेल, याची आठवण ठेवलेली बरी.

२

प्रारंभीच्या काळात हा अंक खलनायकाकडे नव्हताच. तो बळीकडे होता. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये बचावफेकीची कोष्टके आहेत. त्यांत संकटांचे पाच वर्ग केले आहेत: लकवा, विष आणि मृत्युमंत्र यांचा एक, पाषाण होणे आणि रूप पालटणे यांचा दुसरा, जादूच्या कांड्या-दंडांचा तिसरा, ड्रॅगनच्या फूत्काराचा चौथा, आणि उरलेल्या मंत्रांचा पाचवा. पात्राचा पेशा आणि त्याची पातळी पाहावी, कोष्टकातून अंक उचलावा, की झाले. पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या लढवय्याला मंत्रातून वाचण्यासाठी १७ किंवा अधिक पडावे लागत. नवव्या-दहाव्या पातळीला ११ पुरत. सतराव्या पातळीच्या पुढे ६. मंत्र टाकणारा कालचा शिकाऊ आहे की शतकानुशतके विद्या साधलेला महामांत्रिक, याने या अंकात सहसा काडीचाही फरक पडत नसे.

प्रथम वाचताना हे विचित्र वाटते. खलनायकाच्या विद्येला काही मोलच नाही काय? पण या व्यवस्थेमागे एक निश्चित कथनदृष्टी आहे. गायगॅक्सने त्या मार्गदर्शकात बचावफेकीचे समर्थन करताना खडकाला साखळदंडाने जखडलेल्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. त्याच्यावर ड्रॅगन अग्नी ओकतो. त्यालाही बचावाची संधी द्यावी काय? गायगॅक्स म्हणतो, द्यावी. साखळीची एखादी कडी कच्ची निघाली असेल, खडकात एखादी कपार असेल. म्हणजे आधी फासा पडतो, आणि तो अनुकूल पडला तर कपार सापडते. कारण कार्यानंतर जन्माला येते. संभवनीय अशक्य हे असंभवनीय शक्यापेक्षा बरे, असे ॲरिस्टॉटलने काव्याच्या संदर्भात म्हटले आहे. येथे अशक्याला संभवनीय करण्याचे काम फाशानंतर सूत्रधाराच्या आणि खेळाडूच्या वाणीकडे सोपविले आहे. अंक केवळ इतके सांगतो की हा माणूस अजून मरायचा नाही. तो का मेला नाही हे तुम्ही सांगा.

या दृष्टीत काठिण्यांक हे नायकाच्या चरित्राचे संचित आहे. अनुभवाने माणूस नकार द्यायला शिकतो, असे हे कोष्टक म्हणते. खलनायकाचा प्रभाव त्यात शिरतो तो किरकोळ वजाबाकीच्या रूपाने. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील रक्तपिपासू व्हॅम्पायर डोळ्यांत पाहून मोहिनी घालतो तेव्हा बळीच्या फेकीतून २ वजा करायचे, असा नियम आहे. एवढेच त्याचे वैशिष्ट्य. नवशिक्या लढवय्याची वाचण्याची शक्यता त्यामुळे शेकडा २० वरून १० वर येते. दहाव्या पातळीच्या लढवय्याची ५० वरून ४० वर. हे चार आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांची गरज पडेल.

३

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने कोष्टके काढून टाकली आणि सूत्र आणले: दहा, अधिक मंत्राची श्रेणी, अधिक मांत्रिकाच्या संबंधित गुणामुळे मिळणारी वाढ. बुद्धी २० असलेल्या मांत्रिकाला ५ ची वाढ मिळते. त्याचा ‘चार्म पर्सन’ हा पहिल्या श्रेणीचा मंत्र टाळायला १६ लागतात आणि ‘डॉमिनेट पर्सन’ हा पाचव्या श्रेणीचा मंत्र टाळायला २०. खलनायकाला आता पहिल्यांदा स्वतःचा अंक मिळाला, पण तो सर्वस्वी त्याचा नाही. त्यातला मोठा बदलता भाग मंत्राचा आहे. शब्दा-शब्दात थोरवीचा फरक आहे आणि तो फरक शब्दाच्या पोटात आहे, असे हे सूत्र मानते. याचा कथनाला झालेला लाभ फारसा कोणी नोंदवलेला नाही. खलनायक कोणता मंत्र कोणावर खर्च करतो यावरून त्याने समोरच्याला काय किंमत दिली हे कळू लागले. द्वारपालावर पहिल्या श्रेणीचा मंत्र टाकणारा आणि त्याच द्वारपालावर पाचव्या श्रेणीचा टाकणारा हे दोन वेगळे खलनायक आहेत. दुसरा भेदरलेला आहे.

२००८ ची चौथी आवृत्ती येथे ओझरती पाहू. तिने फासाच बळीच्या हातून काढून मांत्रिकाच्या हाती दिला. बळीकडे ‘इच्छाशक्ती’चा एक स्थिर अंक उरला, त्यावर मांत्रिकाने मात करायची. गणिताने पाहता शक्यता तीच ठेवता येते. पण नकार देणाऱ्याच्या हातात काही नसणे आणि त्याच्या मुठीत फासा असणे या एकच गोष्टी नव्हेत. हे टेबलापाशी बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फासा बळीकडे परत आला आणि सूत्र बदलले: आठ, अधिक प्रावीण्यवाढ, अधिक गुणवाढ. मंत्राची श्रेणी गळाली. आता एका मांत्रिकाचे सगळे मंत्र टाळायला सारखेच कठीण. २०२४ मध्ये सुधारून काढलेल्या नियमांतही हे सूत्र कायम आहे. शब्दाचे वजन आता बोलणाऱ्याचे वजन झाले.

श्रोता, संहिता आणि वक्ता असे तीन टप्पे पडले, आणि आपल्या वाचककेंद्री, कृतिकेंद्री व लेखककेंद्री समीक्षेशी ते जुळवून पाहण्याचा मोह कोणालाही होईल. मोह आवरावा. आपल्याकडे प्रवास लेखकाकडून वाचकाकडे झाला, येथे उलट झाला. आणि तोही कोणत्या सिद्धान्ताने नव्हे, तर खेळाडूंच्या कुरकुरींतून आणि हिशोबाच्या सोयीतून. शिवाय तिसऱ्या टप्प्यातला ‘वक्ता’ दिसतो तितका सरळ नाही. त्यासाठी एक प्रत्यक्ष खलनायक घ्यावा लागेल.

काउंट श्ट्राड फॉन झारोविच याची पहिली अवतरणिका ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या १९८३ च्या साहसपुस्तिकेत झाली. धाकटा भाऊ सर्गेई याची वाग्दत्त वधू तात्याना हिच्यावर श्ट्राडचे मन जाते. तो काळोख्या शक्तीशी करार करतो, लग्नाच्या दिवशी भावाला मारतो. तात्याना गडावरून उडी घेते. श्ट्राड मरू शकत नाही आणि ती पुनःपुन्हा जन्म घेते. २०१६ च्या ‘कर्स ऑफ श्ट्राड’मध्ये ही कथा पाचव्या आवृत्तीच्या नियमांत बसविली आहे. तेथे श्ट्राडचे मंत्र टाळण्याचा काठिण्यांक १८ आहे. तो कसा आला? मूळचे आठ, बुद्धी २० म्हणून ५, आणि प्रावीण्याचे ५. पुस्तिका त्याला नवव्या पातळीचा मांत्रिक म्हणते. आता खेळाडूचे पात्र नवव्या पातळीचा मांत्रिक असेल आणि त्याची बुद्धीही २० असेल, तर त्याचा काठिण्यांक १७ भरतो, कारण नवव्या पातळीला प्रावीण्यवाढ ४ मिळते. विद्या तीच, बुद्धी तीच, मग श्ट्राडला एक अधिक कोठून?

उत्तर असे की खलनायकाची प्रावीण्यवाढ त्याच्या विद्येवरून ठरतच नाही. ती ठरते ‘चॅलेंज रेटिंग’वरून, आपण आव्हानांक म्हणू. श्ट्राडचा आव्हानांक १५ आहे. आणि आव्हानांकाची व्याख्या काय? सुसज्ज व विश्रांती घेतलेल्या चार साहसी पात्रांच्या गटाला, त्यांची पातळी त्या अंकाइतकी असेल तर, कोणीही न मरता ज्याचा पाडाव करता यावा, तो इतका आव्हानात्मक. म्हणजे श्ट्राडच्या वाणीचे वजन चार परक्या माणसांच्या खुशालीवरून काढले आहे. पुढे तर गंमतच आहे. नवा खलनायक घडवणाऱ्या सूत्रधाराला २०१४ चे मार्गदर्शक सांगते की आव्हानांक काढताना काठिण्यांक विचारात घ्यावा. आणि काठिण्यांक तर आव्हानांकातून निघतो. अर्थनिर्णयशास्त्रातील वर्तुळावर वर्गात तासभर बोलूनही जे विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, ते या दोन कोष्टकांनी उतरते.

तेव्हा वक्त्याच्या नावावर मांडलेला अंक वस्तुतः संबंधवाचक आहे. खलनायकाचे चरित्र त्यात नाही. कथानकातील त्याची जागा आहे. प्रॉपने १९२८ मध्ये लोककथांतील पात्रांविषयी जे दाखवले, की पात्र म्हणजे कथेतील कार्याचे स्थान, ते येथे बेरजेत उतरले आहे. यात वाईट काही नाही. मात्र नियमग्रंथ हा अंक श्ट्राडच्या अंगचा गुण म्हणून छापतो. कथानकाची गरज पात्राच्या अंगी लावून देणे ही वास्तववादी कादंबरीची जुनी क्लृप्ती आहे, आणि ती येथे कोणाच्या ध्यानीमनी नसताना वावरते आहे.

त्याच पुस्तिकेतील दुसरा अंक अधिक बोलका आहे. श्ट्राडच्या नजरेची मोहिनी मंत्रांपेक्षा वेगळी मोजली जाते; ती त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या आकर्षणावर अवलंबून आहे. आकर्षण १८, म्हणून वाढ ४. आठ, पाच आणि चार मिळून १७. ज्याने प्रेम मिळवण्यासाठी सर्वस्व नासवले, त्याची नजर त्याच्या ग्रंथविद्येपेक्षा एका अंकाने उणी आहे. हे योजून केले असेल असा माझा दावा नाही; व्हॅम्पायरच्या सर्वसाधारण वर्णनातही मोहिनीला हाच अंक आहे. पण वाचताना तो एक अंक टोचतो खरा.

आता मघाचे चार आकडे. १९७९ च्या कोष्टकात व्हॅम्पायरच्या मोहिनीतून नवशिका लढवय्या शेकडा १० वेळा वाचे आणि दहाव्या पातळीचा ४० वेळा. पाचव्या आवृत्तीत सामान्य विवेकबुद्धीच्या लढवय्याला, त्या बचावाचे खास शिक्षण नसल्यास, पहिल्या पातळीला १७ पडावे लागतात आणि दहाव्या पातळीलाही १७. शक्यता दोन्हीकडे शेकडा २०. दहा पातळ्यांचे आयुष्य, शेकडो लढाया, मेलेले सोबती, यांतून त्याचा हात बळकट झाला. नकार मात्र जसाच्या तसा राहिला. याला प्रगती म्हणणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे. जुन्या व्यवस्थेत वरच्या पातळीचे नायक जवळजवळ अभेद्य होत आणि खलनायकाचा शब्द पोकळ पडे. ते खरे आहे. पण आधीच्या कोष्टकात नायकाच्या अनुभवाविषयी काही एक धारणा होती आणि नव्या सूत्रात ती नाही, हे नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७९ चा गायगॅक्स आशावादी होता. २०१४ चे सूत्र मोह कसा पडतो याविषयी त्याच्याहून शहाणे आहे, आणि माणूस कसा घडतो याविषयी त्याच्याहून उदासीन.

‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या सँडी पीटरसनकृत खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत हा प्रश्न फार सुटसुटीतपणे सोडवला होता: आक्रमकाची इच्छाशक्ती आणि बळीची इच्छाशक्ती यांतील फरकाची पाचपट करून ती ५० मध्ये मिळवायची. खलनायकाची १८ आणि बळीची १० असेल तर मंत्र शेकडा ९० वेळा लागणार. कोणाचे संचित नाही, कोणाची थोरवी नाही; दोन इच्छा समोरासमोर. त्या खेळातील विश्व माणसाविषयी बेफिकीर आहे, त्याला हे शोभते.

४

आतापर्यंत मंत्र टाळण्याच्या काठिण्याचा विचार केला. मंत्र उच्चारण्याचे काठिण्य ही वेगळी गोष्ट आहे, आणि सर्वसाधारण वाचकाच्या मनात खलनायकाच्या संदर्भात आधी तीच येते: इतका भयंकर मंत्र त्याने साधला कसा? १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’मध्ये हे काठिण्य व्याकरणाच्या अंगाने काढले आहे. पाच लॅटिन क्रियापदे आणि दहा लॅटिन नामे यांच्या जोडणीतून मंत्र बनतो. नाश करणे हे क्रियापद आणि मन हे नाम जोडले की बुद्धिभ्रंश. मांत्रिकाची तयारी प्रत्येक पदात वेगळी असते. तेथे खलनायकाची ओळख त्याच्या आवडत्या क्रियापदावरून पटते. भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी ही रचना सवडीने पाहावी.

माझे लक्ष वेधले ते २००२ च्या ‘एपिक लेव्हल हँडबुक’ने. पुस्तक म्हणून ते बोजड आहे, बऱ्याच ठिकाणी हास्यास्पदही. पण विसाव्या पातळीच्या पलीकडील मंत्र घडवण्याची जी रीत त्यात आहे, ती खलनायकाच्या चित्रणातली एक खरी कल्पना आहे. मंत्राचे बीज घ्यायचे. त्याची व्याप्ती, अंतर, काळ वाढवत न्यायचे. दर वाढीगणिक उच्चारणाचा काठिण्यांक चढत जातो. एखादे राज्य शापून टाकायचे तर तो अंक कोणत्याही मांत्रिकाच्या आवाक्याबाहेर जातो. मग तो खाली आणण्याचे मार्ग दिले आहेत. उच्चारणाचा काळ एका दिवसाने वाढवला की २ उणे, अशी शंभर दिवसांपर्यंत मुभा. स्वतःच्या अनुभवाचे १०० गुण जाळले की १ उणा. मंत्राचा उलट तडाखा स्वतःच्या देहावर घेतला तर दर फाशामागे १ उणा. आणि साथीदार मंत्रात सामील केले तर त्यांच्या विद्येनुसार. नवव्या श्रेणीचा मंत्र अर्पण करणाऱ्या एकेका साथीदारामागे १७ उणे.

ही वजाबाकी म्हणजे कथानक आहे. शंभर दिवस हवेत म्हणजे त्याला एक जागा हवी, ती लपवायला हवी, आणि नायकांच्या हाती शंभर दिवसांची मुदत आली. साथीदार हवेत म्हणजे त्याला पंथ हवा. पंथ आला की फितुरी आली. अनुभव जाळायचा म्हणजे जे शिकला ते विसरायचे. देहावर तडाखा घ्यायचा म्हणजे मंत्र सिद्ध होताना तो सर्वांत दुबळा असणार. सूत्रधाराने खलनायकाविषयी काही ठरवलेले नसताना केवळ बेरीज-वजाबाकी करीत गेले तर तिसऱ्या पानावर त्याचे चरित्र तयार होते. त्याने काय काय दिले हे कळते. आपल्या पुराणांतील असुरांना हा हिशोब परका नाही. हिरण्यकशिपूचे किंवा रावणाचे सामर्थ्य तपाने मिळवलेले आहे, वरात मागितले काय आणि मागायचे राहिले काय याचा लेखाजोखा ठेवलेला आहे, आणि त्यांचा नाश त्या लेख्यातल्या फटीतून होतो. प्रतिनायकाच्या स्वभावलक्षणांत जे मापले नाही, ते वरदानाच्या अटींत मापले होते. आपण समीक्षकांनी लक्षणग्रंथ वाचले. अटी वाचल्या नाहीत.

या पद्धतीची गोम येथेच आहे. पुरेसे साथीदार जमवले तर कोणताही अंक शून्यावर आणता येतो, आणि हिशोबी खेळाडूंनी तो आणलाही. साथीदार ही किंमत न राहता केवळ वजावट झाली, की वजाबाकीतून कथा निघत नाही. म्हणजे ही रीत आपोआप काही करत नाही. प्रत्येक उणे चिन्हामागे कोण माणूस उभा आहे, हे सूत्रधाराने विचारले तरच करते. तरीही एखाद्या सूत्रधाराने मला सल्ला विचारला (अजून कोणी विचारलेला नाही), तर खलनायकाच्या मंत्राचे काठिण्य आव्हानांकाच्या कोष्टकातून न उचलता या रीतीने एकदा काढून पाहा, असे मी सांगेन. कोष्टक खलनायक किती मोठा आहे ते सांगते. ही रीत तो तेवढा कसा झाला ते सांगते.

५

राहिला प्रश्न प्रामाणिकपणाचा. पाचव्या आवृत्तीत बचावाचा फासा खेळाडू सर्वांसमक्ष टाकतो. सूत्रधाराला गुपचूप बदलता येण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे काठिण्यांक. खेळाडू म्हणतो, ‘सोळा.’ सूत्रधार क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘लागला.’ तो सतराशी तुलना करून थांबला की सोळा ऐकून त्याने सतरा ठरवले, हे कोणालाही कळणार नाही. निकाल पडद्याआड ठेवून प्रसंगी बदलण्याची मुभा २०१४ चे मार्गदर्शकही देते, आणि कथा रंगावी म्हणून असे करावे, असे मानणारे सूत्रधार पुष्कळ आहेत. कादंबरीकार तरी दुसरे काय करतो, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो मला मान्य नाही. कादंबरीच्या वाचकाने पात्राची इच्छा लेखकाच्या स्वाधीन केलेलीच असते. येथील खेळाडूने ती केलेली नाही. काही एका अंकापुरतीच पणाला लावली आहे. अंक मागाहून बदलणे म्हणजे खतावर सही झाल्यानंतर रक्कम बदलणे होय.

नियमकर्त्यांना ही ओढ ठाऊक असावी. कारण खलनायकाच्या बाजूने त्यांनी ती उघडपणे नियमात आणली आहे. श्ट्राड स्वतः बचावफेकीत हरला तर ‘हरलो नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला दिवसातून तीन वेळा आहे. नायकांना असा अधिकार नाही. पूर्वी सूत्रधार जे लपूनछपून करी, ते आता तीन या संख्येत बांधून जाहीर केले आहे. विषमता आहे, पण मोजलेली आहे, आणि खेळाडू ती खर्ची पाडण्याचे डाव रचू शकतात. चौथ्या वेळी श्ट्राडलाही फाशाचे ऐकावे लागते.

दोन वर्षांपूर्वी त्याच विद्यार्थिनीच्या आग्रहावरून मी अशा एका खेळाला प्रेक्षक म्हणून बसलो होतो. सूत्रधारपद तिच्याकडे होते. श्ट्राडची मोहिनी येण्याआधी तिने एका चिठ्ठीवर १७ लिहून ती टेबलाच्या मध्यभागी उलटी न ठेवता सुलटी ठेवली. लढवय्याची भूमिका करणाऱ्या मुलाला १६ पडले. तो काही बोलला नाही. पुढचा तासभर त्याने श्ट्राडला आपला विश्वासू मित्र मानून त्याची बाजू घेतली, सोबत्यांशी वाद घातला, आणि ते त्याने इतके मनापासून केले की बाकीचे अस्वस्थ झाले. नियमाप्रमाणे श्ट्राडने किंवा त्याच्या हस्तकांनी त्या पात्राला इजा केली तर पुन्हा फेक मिळते. अखेरीस एका हस्तकाने त्याच्यावर वार केला. मुलाने फासा उचलला आणि टाकण्याआधी ती चिठ्ठी स्वतःकडे ओढून घेऊन पुन्हा एकदा वाचली.